जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलायचाय? आधी बोर्ड वाचा

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप, कोपऱ्यात धूळ खात पडलेला, उघडून बघितला की आत बहुतेक वेळा आय३ किंवा कोअर टू ड्युओ असला मधलाच कुठलातरी प्रोसेसर सापडतो, कारण घेणाऱ्याने तेव्हा बजेट बघून घेतलेला असतो. पण त्याच बोर्डावर (म्हणजे मदरबोर्डवर), त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या जागेत) त्या काळातला सगळ्यात वरचा प्रोसेसरही बसला असता, आणि जो तेव्हा आवाक्यात नव्हता तो आता सेकंडहँडमध्ये आरामात मिळतो. तर त्या बोर्डाची मजल कुठपर्यंत आहे ते शोधायचं आणि त्याला तिथपर्यंत न्यायचं, एवढाच हा छंद आहे. नवीन काही नाही यात, ४८६ नावाच्या जुन्या प्रोसेसरच्या जमान्यात इंटेल स्वतःच ओव्हरड्राइव्ह नावाने जुन्या मशीनसाठी अपग्रेडचे प्रोसेसर विकायची.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. "मशीन स्लो आहे" एवढीच तक्रार असेल आणि आत अजून हार्ड डिस्क फिरत असेल तर आधी एसएसडी टाका आणि रॅम ८ जीबी करा, फरक जो काय पडायचा तो तिथेच पडेल. प्रोसेसरचा नंबर त्यानंतर. मी हे करतो ते मजा येते म्हणून, आणि पहिल्यांदा करणार असाल तर ज्या मशीनवर तुमचं रोजचं काम चालतं ते मशीन यासाठी घेऊ नका, बाजूला पडलेलं घ्या.

पायरी १: बोर्ड वाचा

नवीन माणूस काय करतो, आधी प्रोसेसर शोधतो. कुठेतरी वाचतो की अमुक आय७ भारी आहे, घेऊन येतो आणि मग विचारतो की माझ्या मशीनला चालेल का. उलटं करायचं. मशीन बंद करून, केबल काढून, साइडचं पॅनेल उघडा आणि मोबाईलचा टॉर्च मारून बोर्डावर छापलेलं मॉडेल शोधा, ते साधारण स्लॉटच्या मधे किंवा रॅमच्या आसपास मोठ्या अक्षरात असतं. त्याच्याजवळच किंवा एखाद्या कडेला बारीक अक्षरात रिव्हिजन नंबर पण असतो, तोही लिहून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनला वेगवेगळे प्रोसेसर चालतात असं बऱ्याचदा होतं. मशीन चालू होत असेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात मेनबोर्डच्या टॅबवर मॉडेल, चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या बोर्डाशी जोडणारी चिप), बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन आणि तारीख सगळं दिसतं. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागतो.

आता सॉकेट. इंटेलकडे बघायचं तर ७७५ हे २००४ पासूनचं, पेंटियम ४ पासून कोअर टू क्वाडपर्यंत सगळे त्यात. मग २००९ चं ११५६, २०११ चं ११५५, २०१३ चं ११५० आणि २०१५ चं ११५१. हे आकडे म्हणजे कॉन्टॅक्टची संख्या, आणि ११५५ चा प्रोसेसर ११५६ मध्ये किंवा ११५० मध्ये बसत नाही, खाचाच वेगळ्या ठिकाणी असतात. बसत नाही म्हणून दाबायचं नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

एएमडी ही दुसरी प्रोसेसर कंपनी, तिचं गणित वेगळं, तिथे जरा मोकळीक असते. एएम३ सॉकेटच्या प्रोसेसरमध्ये डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही प्रकारच्या रॅमचे कंट्रोलर असतात म्हणून बायोसने साथ दिली तर तो जुन्या एएम२+ बोर्डावरही चालतो, पण एएम२+ चा प्रोसेसर एएम३ बोर्डात चालत नाही.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज, बसला म्हणजे चालला. तसं नसतं. ११५१ हे त्याचं सगळ्यात फेमस उदाहरण. इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचं (म्हणजे पिढीचं) सॉकेट ११५१ आणि आठव्या-नवव्याचंही ११५१, पण १०० आणि २०० सिरीजच्या चिपसेटवर आठव्या जनरेशनचा प्रोसेसर कंपनीच्या हिशोबाने चालत नाही. हातात धरून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सॉकेट, चिपसेट आणि बायोस हे तिन्ही जुळले तरच प्रोसेसर चालणार.

हे तिन्ही एका ठिकाणी बघायचं तर बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर सीपीयू सपोर्ट लिस्ट असते. त्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे तो बायोसच्या कुठल्या व्हर्जनपासून चालतो ते लिहिलेलं असतं. ही लिस्ट म्हणजेच तुमच्या बोर्डाची हद्द. ऑफिसमधून निघालेल्या ब्रँडेड मशीनची अशी लिस्ट बऱ्याचदा नसते, तिथे त्या मॉडेलसोबत कंपनीने कुठकुठले प्रोसेसर देऊन मशीन विकलं ते शोधायचं आणि त्यातला वरचा पकडायचा. त्याच्या बाहेर जाऊ नका, कारण अशा मशीनचा बायोस कधीकधी अनोळखी प्रोसेसर सरळ नाकारतो.

पहिल्यांदा कुठला बोर्ड घ्यावा?

माझं मत विचाराल तर ११५५. बोर्ड मिळतात, डीडीआर३ रॅम मिळते, आणि फरक डोळ्यांनी दिसतो. समजा मशीनमध्ये आय३-२१०० आहे, म्हणजे २ कोअर ४ थ्रेड (कोअर म्हणजे काम करणारे खरे भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं), ३.१ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरज पडली की आपोआप वाढणारा स्पीड) नाही. त्याच जागी आय५-२४०० टाकला तर खरे ४ कोअर मिळतात, आय७-२६०० टाकला तर ४ कोअर ८ थ्रेड, हे सगळे दुसऱ्या जनरेशनचे, आणि बोर्डाने तिसरी जनरेशन घेतली तर आय७-३७७०, जो ३.४ वर चालतो आणि टर्बोला ३.९ पर्यंत जातो, आणि वर ७७ वॉटच घेतो जिथे २६०० ला ९५ लागायचे.

"बोर्डाने घेतली तर" हे नीट वाचा. एच६१, एच६७, पी६७, झेड६८ हे ६ सिरीजचे चिपसेट, यांच्यावर तिसरी जनरेशन बायोस अपडेट करून चालू शकते, अपडेट आलेला असेल तर. पण क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ हे ऑफिसवाले चिपसेट, त्यांना इंटेलने तिसऱ्या जनरेशनचा सपोर्टच दिला नाही, तिथे २६०० वर थांबायचं. ७ सिरीज असेल, बी७५ वगैरे, तर काळजीच नाही.

झिऑन या इंटेलच्या सर्व्हरवाल्या प्रोसेसरचाही मोह होतो. ई३-१२३० व्ही२ म्हणजे जवळजवळ आय७ च, ४ कोअर ८ थ्रेड. पण त्यात ग्राफिक्स नाही. १२३०, १२४०, १२७० यांच्यात नाही, १२२५, १२४५, १२७५ यांच्यात आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना १२३० टाकलात तर मशीन मस्त चालू होईल आणि स्क्रीन काळी राहील, मग तुम्ही रात्रभर रॅम काढा-घाला करत बसाल. पी६७ बोर्डावर तर डिस्प्लेचा पोर्टच नसतो, तिथे कार्ड लागणारच.

७७५ वाल्यांसाठी थोडक्यात. क्यू६६०० हा २००७ चा, या छंदातला सगळ्यांचा लाडका क्वाड (४ कोअरवाला), त्याचे दोन प्रकार येतात, वर एसएल९यूएम लिहिलेला १०५ वॉटचा आणि एसएलएसीआर लिहिलेला ९५ वॉटचा, दुसरा थंड चालतो, मिळाला तर तोच घ्या. ९४५ चिपसेटच्या जुन्या बोर्डांवर क्वाड आणि ४५ नॅनोमीटरचे नंतरचे प्रोसेसर बऱ्याचदा चालत नाहीत. ७७१ सॉकेटचे झिऑन स्टिकर लावून आणि खाचा कापून ७७५ मध्ये बसवायचा एक प्रकार आहे, भारी आहे, पण पहिल्याच वेळी त्याच्या नादी लागू नका.

पायरी २: वॉट बघा, मगच प्रोसेसर घ्या

लिस्टमध्ये नाव आहे म्हणून लगेच उडी मारू नका. स्वस्तातल्या बोर्डावर प्रोसेसरला करंट देणारा जो भाग असतो, सॉकेटच्या बाजूला छोट्या चौकोनी कॉइलची रांग दिसते तो, त्याच्यावर हीटसिंक नसतो आणि तो ६५ वॉटवर निवांत असला तरी १२५ वॉटला तापतो. एएम३ च्या जमान्यातले एएमडीचे वरचे फेनम प्रोसेसर हे १२५ वॉटवाले होते, उदाहरणार्थ फेनम टू एक्स४ ९५५, आणि ज्या बोर्डाची लिस्ट ९५ वॉटवर संपते त्याच्यावर हे लावणं म्हणजे बोर्डाचं आयुष्य कमी करणं. बोर्डावरचे कॅपॅसिटरही बघून घ्या, डोकं फुगलेलं किंवा वरून तपकिरी काही निघालेलं दिसलं तर त्या बोर्डावर मेहनत घालू नका. एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) पण तेवढाच जुना असणार, हे विसरू नका.

सेकंडहँड प्रोसेसर घेताना दोन्ही बाजूंचे फोटो मागा. वरच्या झाकणावर नाव, स्पीड आणि कोड स्पष्ट वाचता आला पाहिजे. खालच्या बाजूला सोनेरी टिकल्या असतात, त्यातली एखादी काळी पडलेली किंवा खरवडलेली असेल तर नको. एएमडीचा जुना प्रोसेसर असेल तर पिना प्रोसेसरलाच असतात, त्या सगळ्या रांगेत सरळ उभ्या दिसल्या पाहिजेत. आणि नाव असायच्या जागी "कॉन्फिडेन्शिअल" लिहिलेलं असेल तर तो टेस्टिंगचा सॅम्पल पीस आहे, असले पीस बऱ्याच बोर्डांना ओळखता येत नाहीत.

पायरी ३: बायोस, जुना प्रोसेसर आत असतानाच

इथे मी स्वतः आपटलोय म्हणून जरा लांबण लावतो. एच६१ बोर्ड होता, तिसऱ्या जनरेशनचा आय५ हातात आला, आणि हात शिवशिवत होते. लगेच जुना काढला, नवा बसवला, त्यावर उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट लावली, कूलर लावला, चालू केलं. पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही. रॅम बदलली, बोर्डावरचा सेल काढला, केबल बदलली, दोन तास गेले. शेवटी सपोर्ट लिस्ट उघडली तर तिथे साफ लिहिलेलं की हा प्रोसेसर अमक्या बायोसपासून पुढे, आणि माझा बायोस त्याच्या दोन व्हर्जन मागे. म्हणजे परत सगळं खोल, जुना बसव, बायोस अपडेट कर, परत खोल. थर्मल पेस्टची अर्धी ट्यूब त्यातच संपली.

तर क्रम असा. जुना प्रोसेसर आत असताना, तुमच्या मॉडेलची आणि रिव्हिजनची बायोस फाइल उतरवा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाका, बायोसमध्ये जाऊन तिथलंच फ्लॅशचं टूल वापरा. विंडोजमधून अपडेट करायचं सॉफ्टवेअर असतं, मी ते टाळतो, मधेच विंडोज हँग झालं तर बोर्ड गेला. लाइट जाण्याची जरा जरी शक्यता असेल तर यूपीएस लावा. काही ६ सिरीज बोर्डांवर बायोससोबत मॅनेजमेंट इंजिन या चिपसेटमधल्या भागाचं फर्मवेअरही ७ वरून ८ वर न्यावं लागतं, तसं असेल तर डाउनलोडच्या पानावर सूचना असते, ती वाचून त्याच क्रमाने करा. अपडेट झाल्यावर जुन्याच प्रोसेसरवर एकदा मशीन पूर्ण चालू करून बघा आणि मग बंद करा.

डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, आणि डेटाचा बॅकअप तर घ्याच.

पायरी ४: खोलायचं

लागणारं सामान फार नाही. चौफुलीचा चांगला स्क्रू ड्रायव्हर, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल (९० टक्क्यांच्या वरचं), धागे न सुटणारं फडकं किंवा कॉफी फिल्टर, टॉर्च. मेन केबल काढा, मग पॉवर बटण ५-१० सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा, आणि गालिच्यावर बसून हे करू नका.

पण केबल काढून हे सगळं सुरू करायच्या आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा. विचित्र वाटेल पण हे महत्त्वाचं आहे, कारण वर्षानुवर्षं सुकलेली पेस्ट थंडपणी सिमेंटसारखी धरून बसते आणि गरम झाली की सैल होते.

इंटेलच्या सोबत आलेल्या कूलरला चार काळ्या खुंट्या असतात, प्रत्येकीवर बाण असतो. बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवायची आणि वर ओढायची, चारही झाल्या की कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सुटा करायचा आणि मग उचलायचा. पंख्याची वायर आधी काढायला विसरू नका.

एएमडीच्या जुन्या सॉकेटवाल्यांनी इथे दहापट सावध राहा. मी एकदा एएम३ चा कूलर न फिरवता सरळ वर खेचला आणि कूलरसोबत प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आला, त्याला धरून ठेवणारी सॉकेटची दांडी लॉक असताना. तीन पिना वाकल्या. ०.५ ची लीडवाली पेन-पेन्सिल घेतली, लीड काढली, पुढची धातूची नळी एकेका पिनेवर घालून केसभर-केसभर सरळ केली, श्वास रोखून. चालला तो प्रोसेसर, पण परत तसं करायची इच्छा नाही. त्यामुळे गरम करा, पिळा, मग उचला.

पेस्ट पुसताना कोरड्या फडक्याने जाड थर आधी काढा आणि मग अल्कोहोल लावा. काळपट चिखल निघतो आणि हळूहळू खालून प्रोसेसरवरची अक्षरं वर येतात, पहिल्यांदा करताना हा क्षण मला सगळ्यात आवडला होता, आपल्या मशीनमध्ये नेमकं काय आहे ते पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचणं.

पायरी ५: नवा बसवायचा

इंटेलच्या सॉकेटची दांडी खाली दाबून बाजूला सरकवा आणि वर उचला, पत्र्याची चौकट उघडा. जुना प्रोसेसर कडांना धरून सरळ वर उचला. आता सॉकेटमध्ये शेकडो बारीक पिना उघड्या पडल्यात, त्यांना बोट, फडकं, पेस्ट काहीही लागू द्यायचं नाही. टॉर्च तिरका धरून बघा, वाऱ्याने एकाच दिशेला झुकलेल्या गवतासारख्या सगळ्या पिना सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलीय, बारीक सुईने आणि भिंगाखाली जमलं तर सरळ करा.

नवा प्रोसेसर दोन बाजूंच्या खाचा आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. चौकट बंद करून दांडी खाली आणताना चांगलाच जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो, पहिल्यांदा वाटतं की मोडलं काहीतरी, पण ते नॉर्मल आहे. एएमडीच्या पिनांच्या प्रोसेसरला उलट शून्य जोर, दांडी वर असताना तो स्वतःच्या वजनाने आत पडला पाहिजे, पडत नसेल तर दिशा चुकलीय किंवा पिन वाकलीय.

पेस्टवरून लोक तासन् तास भांडतात. मधोमध एक ठिपका, पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरापेक्षा थोडा लहान, बास. कूलर दाबला की आपोआप पसरते.

कूलरच्या खुंट्या उलट फिरवून मूळ जागी आणा, चारही भोकांवर सरळ ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी करून दाबा. चार वेळा कटकन आवाज आला पाहिजे. तीन आले तर नाही चालत. शक्य असेल तर बोर्डाच्या मागून बघा, प्रत्येक भोकातून पांढरे पाय फाकून बाहेर आलेले आणि मधे काळी पिन दिसली पाहिजे. आय३ सोबत आलेला बुटका कूलर आय७ ला उन्हाळ्यात पुरेलच असं नाही, जरा मोठा मिळाला तर घ्या. फक्त भोकांचं अंतर बघा, ७७५ चं ७२ मिलिमीटर आणि ११५६ ते ११५१ सगळ्यांचं ७५, त्यामुळे ७७५ चा कूलर पुढच्या बोर्डांवर आपोआप बसत नाही.

पायरी ६: पहिला स्टार्ट

चालू करायच्या आधी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत लावा म्हणजे जुनी सेटिंग पुसली जातात. कॅबिनेट उघडंच ठेवा. पहिल्यांदा मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतं, अर्धा मिनिट काळं राहू शकतं, लगेच घाबरून बटण दाबू नका.

डिस्प्ले आलाच नाही तर या क्रमाने जा: प्रोसेसरची वेगळी ४ किंवा ८ पिनांची पॉवर केबल लावलीय का (दहातले निम्मे वेळा हीच), मॉनिटरची केबल बरोबर पोर्टला आहे का, रॅमची एकच काडी ठेवून स्लॉट बदलून बघितला का, त्यानंतर सेल परत काढून बघा. एवढ्यावरही नाही आला तर जुना प्रोसेसर परत लावा. जुना चालला तर बोर्ड ठीक आहे, भांडण नव्या प्रोसेसरचं किंवा बायोसचं आहे.

आला तर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं नाव बरोबर दिसतंय का बघा, तारीख-वेळ लावा, आणि तिथेच टेंपरेचर दोन मिनिटं बघत बसा. विंडोजमध्ये गेल्यावर टेंपरेचर दाखवणारं एचडब्ल्यूमॉनिटर लावा. नुसतं बसून असताना ३५ ते ४५ डिग्री, आणि एखादं स्ट्रेस टेस्टचं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवून ८० च्या आत राहिलं तर उत्तम. टेस्ट चालू करताच दहा सेकंदात ९५ ला भिडलं तर प्रोसेसरला दोष देऊ नका, कूलरची एखादी खुंटी बसलेली नाही. माझ्याकडे हे दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा मागच्या बाजूची, एसएमपीएसच्या खालची खुंटी, जिथे हात नीट पोचत नाही ती.

विंडोज परत टाकायची गरज सहसा पडत नाही, बोर्ड तोच असल्यामुळे ॲक्टिव्हेशनही टिकतं. पण प्रोसेसर वाढवला म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे मिळेल असं समजू नका, इंटेलमध्ये ती यादी आठव्या जनरेशनपासून सुरू होते, आणि २४एच२ व्हर्जन तर कोअर टू वर सुरूच होत नाही कारण त्याला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या असल्या मशीनवर लिनक्स मिंट आहे आणि ते मजेत चालतं.

निघालेला जुना प्रोसेसर फेकू नका. छोट्या प्लास्टिकच्या डबीत अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ठेवा आणि वर चिठ्ठी चिकटवा, कुठल्या बोर्डातून काढला आणि तेव्हा बायोस कुठला होता. पुढच्या बोर्डाला बायोस अपडेट करायची वेळ आली की तुम्हाला नेमका हाच लागणार आहे.